श्राद्धाचं पेअर

"आजही रेघ सपाटच," प्रयोग चालवणारी चिगुसा पडद्याकडे पाहत म्हणाली. "नेमोतोसान, तंतूचं टोक नीट घासलं होतं ना?"

"घासलं होतं. म्हणजे... घासलं असावं," नेमोतो पुटपुटले.

साप्पोरोच्या या प्रयोगशाळेत ते उंदरांची देखभाल करत आणि केसाएवढ्या काचतंतूंची टोके घासून देत. उंदराच्या मेंदूतल्या पेशी दिवसाच्या तालावर उजळत आणि मंदावत. डोळ्यांना न दिसणारा तो उजेड मेंदूत बसवलेला तंतू बाहेरच्या यंत्रापर्यंत आणी. म्हणून उंदराची खोली कायम काळोखी असे. दाणापाणीही नेमोतो चाचपडतच ठेवत.

"सेन्सेई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत उजेड नाही दिसला तर थांबायचं. हा शेवटचाच उंदीर उरलाय हो."

सेन्सेई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापिका, आणि थांबायचे म्हणजे उंदराला मारायचे. नेमोतो जागचे हलले नाहीत.

"तो पाणी पितोय का?" त्यांनी एकदम विचारले.

"का बरं?"

"परवा श्राद्ध झालं ना..." प्रयोगात मेलेल्या प्राण्यांचे श्राद्ध दर शरदात होई, त्यांच्या स्मृतीच्या दगडापुढे फुले-फळे ठेवून सगळे हात जोडत. "आवरताना पेअर उरलं. मेलेल्यांना दिलं, मग जिवंताला का नको, असं वाटलं. रोज फोडी ठेवतोय त्याच्यापुढे."

चिगुसाने कपाळावर हात मारला. "अहो, उजळायचं औषध पाण्यातच असतं! एवढं रसाळ फळ मिळाल्यावर तो पाण्याला कशाला तोंड लावेल?"

"चुकलं माझं. सेन्सेईंना मीच सांगतो."

"तुम्ही? त्या समोरून आल्या तरी तुम्ही भिंतीला चिकटता!"

तरी ते गेले. ओगाता सेन्सेईंच्या दारात उभे राहून, वाकून, एका दमात सगळे बोलून मोकळे झाले. सेन्सेईंनी चष्मा काढला.

"गोड होतं का?"

"मी... मी नाही चाखलं."

"बरं. फोडी काढून टाका. उद्या दुपारपर्यंत बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळभर रेघ तशीच पडून होती. चिगुसाचा चहा निवला. दुपार होत आली तेव्हा रेघ थरथरली, पुन्हा बसली आणि मग हळूहळू चढू लागली.

"प्यायला!" चिगुसा कुजबुजली. "आणि टोकही अगदी झकास घासलंय तुम्ही."

नेमोतो मागे भिंतीजवळच उभे होते. चिगुसा उठली आणि तिने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते नको नको म्हणाले. मग काठावर टेकले आणि पडद्यावर रेघेचा पुढचा ठिपका कुठे पडतो ते पाहू लागले.