जावयासाठी आणलेला कूलर

त्या आखाजीला म्हैस कूलरच्या खोलीत झोपली आणि जावई गोठ्यात. पण असं काही झालंच नाही. नरडाण्यात कुणालाही विचारा. पितांबरनाना समोर असतील तर सगळे नाहीच म्हणतील.

नाना तालुक्याच्या कचेरीत कारकून. मध्यंतरी त्यांना सुधारणेचा झटका आला आणि घरावरचं मातीचं जाडजूड धाबं काढून त्यांनी पत्रे टाकले. गावात मान वाढला, घरात भट्टी पेटली. आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण. मागच्या आखाजीला लेक कोकिळा सुरतेहून आली, सोबत जावई धनसिंगराव. त्यांनी एक दुपार पत्र्याखाली काढली आणि संध्याकाळच्या गाडीने बायकोसकट परत सुरत गाठली. गावभरच्या लेकी गाणी म्हणत होत्या, नानांच्या निंबाचा झोका रिकामा हलत होता, आणि प्रमिलाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. ते बघणं नानांना वर्षभर पुरलं.

म्हणून यंदा कूलर. धुळ्याच्या झुलाल मिस्त्रीने तो घडवला. माप घेताना त्याने खिडकी मोजलीच नाही, नानांची हौस मोजली. कूलर खिडकीत मावेना, दारातून शिरेना. शेवटी चौकट काढून दार रुंद केलं.

"अरे, एवढ्या दारातून म्हैस जाईल!" नाना वैतागले.

"जाऊ द्या ना, नाना," झुलाल म्हणाला. "पाव्हणे तरी ऐसपैस येतील."

पाव्हणे आले. नानांनी कूलर चालू केला आणि गारवा जराही वाया जाऊ नये म्हणून खिडकीला पोतं ठोकलं, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला गोधडी टांगली.

"अहो, मंग हवा कोठेन येई?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"यंत्र शे ते! हवा तेच करस."

तासाभरात खोलीत गारवा नाही, पावसाळा आला. मिठाला पाणी सुटलं, काडी पेटेना, डब्यातले ज्वारीचे बिबडे, ते कडक वाळवलेले पापड, चामड्यासारखे वाकू लागले. धनसिंगराव निथळत बाहेर आले आणि सासऱ्याला म्हणाले, "मामा, आत पोहता येतं, झोपता येत नाही." मग बायकोकडे वळून, "कोकिळा, बॅग भर."

गाडीला अजून वेळ होता, म्हणून जावई सावली शोधत गोठ्यात शिरले. म्हशीला गावातल्या मानाची गरज नसल्यामुळे गोठा तेवढा सुधारणेतून वाचला होता. वर तेच जुनं धाबं, खाली सारवलेली जमीन. जावई जरा टेकले आणि घोरू लागले. गाडी शिट्टी मारून गेली तरी उठले नाहीत.

उठले ते रागावूनच. "काय मामा, एवढी चांगली खोली म्हशीला, आणि मला पत्र्याखाली? आता आखाजी होईपर्यंत मी इथून हलत नाही."

नानांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी म्हैस अंगणात बांधली. तिने उन्हात थोडा विचार केला, दावं तोडलं, गोधडी शिंगाने बाजूला सारली आणि कूलरसमोर जाऊन बसली. कोंदट, ओलीचिंब हवा. डबकंच घरात आलेलं!

नानांनी शेपूट ओढलं, काठी आपटली, झुलालच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी कूलर बंद केला. तशी म्हैस लगेच उठली आणि तडक गोठ्याकडे, आपल्या जागेवर निघाली. जागेवर जावई. नानांनी धावत जाऊन बटण दाबलं. कूलर घरघरला, म्हैस वळली आणि पुन्हा आत जाऊन बसली.

"आते ते बटनले हात लावू नका," प्रमिलाबाई म्हणाल्या. "म्हैस उठनी ते जवाई उठतीन, आनि जवाई उठनात ते पोर गई."

निंबाखाली कोकिळा झोक्यावर उभी राहून उंच उंच झोके घेत होती. आखाजी परवावर आली होती. पण गावात लाइट रोज दुपारी जायची. मग कारकुनाला जे येतं तेच नानांनी केलं. कागद घेऊन वीज कचेरीतल्या साहेबांना अर्ज लिहिला:

"विषय: म्हशीच्या विश्रांतीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आखाजी पार पडेपर्यंत मौजे नरडाणे येथील वीजपुरवठा दुपारी खंडित करू नये. तसे करणे अपरिहार्यच असल्यास, सदर म्हशीस किमान एक दिवस अगोदर लेखी सूचना देण्यात यावी, ही नम्र विनंती."