आधी ओइवा

राइलीने कॉफीचा कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. कैसूने ते हेरलं. फिनलंडच्या ओउलू शहरातली बाई कॉफी सोडते म्हणजे काहीतरी जड सांगायला आलेली असणार.

"सांगून टाका एकदाचं," तिचा नवरा तुओमास म्हणाला. "चांगलं की वाईट, काय ते होऊन जाऊ दे."

राइली संशोधन केंद्रातली परिचारिका. तान्ह्या बाळांच्या छातीत उतरणाऱ्या विषाणूवर नवं इंजेक्शन निघालं होतं आणि ते खरंच उपयोगी आहे का, हे शेकडो बाळांवर तपासायचं होतं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या वाट्याला काय, ते ना आईबापांना ठाऊक, ना टोचणाऱ्या राइलीला. सिरिंजवर चिकटपट्टी आणि बाळाचं नाव, बस्स. कैसूची जुळी मुलं, ओइवा आणि आर्रे, त्यात होती. जानेवारीत दोघांनाही सर्दी झाली. आर्रे आठवड्यात खडखडीत बरा झाला. ओइवा गेला.

मुलांची नावं नोंदवायची कल्पना तुओमासची. तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला होता. गाडी चालवताना, सौनाच्या वाफेत बसल्या बसल्या, मध्येच म्हणायचा, "त्याला पाणीच मिळालं असेल तर गं?" चार घास धड पोटात जात नव्हते त्याच्या. कैसूला आपल्या दुःखाबरोबर त्याचंही ओढावं लागत होतं.

"कुणाला काय टोचलं ते काल उघडलं," राइली म्हणाली. "आर्रेला पाणी होतं. ओइवाला औषध. खरं औषध."

तुओमासने चेहरा ओंजळीत धरला आणि तो हमसून हमसून रडला.

"म्हणजे करण्यासारखं होतं ते सगळं केलं आपण. ऐकलंस ना, कैसू? केलं गं आपण!"

कैसू बाल्कनीकडे बघत राहिली. आर्रे तिथे बाबागाडीत झोपला होता.

तो नोव्हेंबरातला दिवस तिला लख्ख आठवला. केंद्राच्या दाराशी, बर्फात, बाबागाडी उभी. राइलीने आतून हाक मारली होती, "आधी ओइवाला आणा!" ओइवा गार हवेत गाढ झोपला होता, गाल लालबुंद. इथे बाळांना मुद्दाम बाहेर गार हवेत झोपवतात आणि झोपलेल्याला कुणी उठवत नाही; कैसूच्या आईने उठवलं नसतं, आजीनेही नाही. आर्रे मात्र टक्क जागा, लाथा झाडत होता. तिने त्यालाच उचललं. "हा ओइवा," म्हणाली. सख्ख्या आजीला ओळखू यायचे नाहीत, तिथे राइलीला काय कळणार? दोघांनाही टोचायचंच आहे ना, मग आधी कोण नि नंतर कोण, एवढंच तिच्या मनात आलं. ओइवा जागा झाल्यावर तो आर्रे म्हणून आत गेला. राइलीला कसं फसवलं म्हणून ती मनातल्या मनात हसलीही होती, आणि मग विसरून गेली होती.

ओइवाच्या नावाचं औषध आर्रेच्या मांडीत गेलं होतं.

"आणखी एक आहे," राइली हळू आवाजात म्हणाली. "औषध मिळालेल्यांत दगावलेलं हे एकच बाळ. तज्ज्ञांची समिती अडून बसलीय. औषधानेच घात केला की काय, असं वाटतंय त्यांना. छडा लागेपर्यंत ते कुणालाच द्यायचं नाही. येत्या हिवाळ्यात पुन्हा पोरांनी वॉर्ड भरणार. पण त्याचा भार तुम्ही नका घेऊ. तुमचं काही चुकलं नाही."

तुओमासचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने ताटलीतला गोड पाव उचलला होता आणि तो खात होता, भुकेल्या माणसासारखा, मोठमोठे घास घेत. गालांवरचं पाणी तोंडात जात होतं. एका हाताने त्याने आईचा नंबर लावला.

बोलू नये, कैसूला वाटलं. जन्मात बोलू नये. या माणसाचं पोर गेलंय, त्याला एवढं तरी राहू द्यावं.

राइली दारापाशी गेली, वाकून बूट घालू लागली. ती अशीच गेली, तर ते औषध कुणाच्याच पोराला मिळणार नव्हतं.

"येते गं. काळजी घे. आणि त्याला जेवू दे पोटभर."

"बूट काढा, राइली," कैसू म्हणाली. "परत आत या."

"का गं? काय झालं?"

कैसू आत वळली. स्वयंपाकघरात तुओमास आईला सांगत होता, "हो, खरं औषध! आता झोप लागेल बघ मला, आई." रडता रडता तो हसत होता. त्याचं हसू तिने हिवाळ्यानंतर प्रथमच ऐकलं.

ती त्याच्याजवळ गेली. खांद्यावर हात ठेवला.

"तुओमास," ती म्हणाली, "फोन ठेव."