वस्तीवरची जादा पाइपलाइन

सांगलीच्या त्या ऑफिसात अक्षताला लागून वर्ष होत आलं होतं. काम तिला आवडायचं. जुन्या पाणीयोजनांचे संगणकावर, कॅडमध्ये काढलेले नकाशे यायचे आणि त्यातली रेघ न् रेघ जीआयएसमध्ये, म्हणजे प्रत्येक रेघेची माहिती साठवणाऱ्या नकाशात आणायची. कॅडमध्ये पाइप म्हणजे नुसती काढलेली रेघ. जीआयएसमध्ये मात्र त्या रेघेला आपण किती इंची, कुठून निघालो, पुढे कुणाला जोडलोय, हे सगळं ठाऊक असावं लागतं.

कुंडल गावचा नकाशा जीआयएसमध्ये आणला तेव्हा पाइपांची एकूण लांबी योजनेच्या कागदांतल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त भरली.

"काही रेघा दोनदा आल्या असतील. शोध," तिचे साहेब विश्वजित म्हणाले.

दोनदा आलेली एकही रेघ सापडली नाही. पण गावाबाहेरच्या एका वस्तीवर कशालाच न जोडलेल्या बारक्या पाइपांचा पुंजका दिसला. वर एक आडवी रेघ, सुरुवातीलाच जराशी तुटलेली. खाली गाठी, वळणं, उभे दांडे. अक्षतानं नकाशा आणखी मोठा केला आणि ती मोठ्यानं हसली.

"सर, ही पाइपलाइन नाहीच. 'भामाबाई' लिहिलंय!"

नकाशा काढणाऱ्यानं अक्षरं फोडून त्यांच्या रेघा करून ठेवल्या होत्या. संगणकाला शिरोरेषा काय नि पाइप काय, सारखंच. शाळा, टाकी, देऊळ, जिथं जिथं नाव होतं तिथं तिथं पाइप उगवले होते. तिनं ते सगळे वेगळे काढले आणि लांबी जुळली.

पण ही भामाबाई कोण? नकाशाच्या कोपऱ्यात तो काढणाऱ्याचं सोपान असं नाव होतं. ते मिरजेत राहायचे, आता निवृत्त झालेले. तिनं ऑफिसातून नंबर घेऊन फोन लावला.

"आवं, त्या वस्तीवर दुसरी खूणच न्हवती," सोपान म्हणाले. "एकच घर. मोजणीला गेलो तवा तिथल्या बाईनं आमाला ताक दिलं, म्या तिचंच नाव टाकलं."

पुढच्या आठवड्यात नकाशा जागेवर पडताळायचा होता. अक्षता आणि तिच्या ऑफिसातला कुणाल मोटारसायकलवरून वस्तीवर गेले. अंगणात पन्नाशीची एक बाई शेंगा फोडत बसली होती.

"भामाबाई तुम्हीच का?" अक्षतानं विचारलं.

"मी हरणाबाई. भामाबाई माझी सासू. का वं?"

अक्षतानं टॅबवर नकाशा दाखवला. हरणाबाईनं नाव वाचलं आणि भुवया चढवल्या.

"नळावर पाणी मी भरती, आन् नाव आत्तींचं व्हय?"

"मग? मी काय मेली का काय?" आतून आवाज आला. काठी टेकत भामाबाई दारात आल्या. "त्या मोजणीवाल्यांस्नी ताक कुणी दिलं? मी!"

"आन् घुसळलं कुणी?" हरणाबाई म्हणाली.

कुणाल तोंड फिरवून हसू दाबत होता. भामाबाईंनी मान डोलावली.

"त्येबी खरं हाय," त्या म्हणाल्या. "पोरी, दोघींचंबी टाक. जागा हाय न्हवं?"

"भरपूर आहे, आजी."

अक्षतानं तिथंच उभ्या उभ्या घराच्या खुणेला दोन्ही नावं दिली. या खेपेला अक्षरं अक्षरंच राहतील, याची खातरी करून घेतली. मग हरणाबाई पदर खोचून पाइप दाखवायला पुढं झाली. नकाशात पाइप घरासमोरून जात होता. खरा पाइप गोठ्यामागून गेला होता. तिच्या मागोमाग चालत दोघांनी तो टाकीपर्यंत नोंदवला. वाटेत हरणाबाई कुठला जोड गळतो तेही सांगत होती, आणि अक्षता तेही लिहून घेत होती.

सोमवारी साहेबांनी नकाशा मंजूर केला आणि तिच्याकडं लोणंदची फाइल दिली. तिनं ती उघडली. त्यातला प्रत्येक पाइप तुकड्यातुकड्यांत काढलेला, हजारभर सुटे तुकडे.

"कुणाल, चहा सांग रे," ती म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढून पहिले दोन तुकडे जोडायला बसली.