मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

"ब्रेक लाव!" मागून वेंडेल ओरडला.

"कशाला?"

"उतार आलाय."

"सपाट रस्ता आहे. गप बस आणि पाय मार."

"एकतीस वर्षं स्कूलबस चालवलीये मी. उतार मला बुडाला कळतो."

पुढच्याच वळणाला उतार लागला. एलोइसाने ब्रेक दाबला, पण नवऱ्याचं बरोबर होतं हे काही कबूल केलं नाही.

वेंडेल स्ट्राउडची दृष्टी गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास गेली. तेव्हापासून तो ग्लोब गावातल्या घरात खिडकीशी खुर्ची लावून बसला होता. मोटारीत शेजारी बस म्हटलं की खेकसायचा, "मी काय किराण्याची पिशवी आहे?" लास क्रूसेसहून त्याच्या बहिणीने 'ये, ये' म्हणत फोनवर फोन केले, तरी हलला नाही. शेवटी एलोइसाने चर्चच्या सेलमधून दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल आणली.

"मागे बसायचं. पण फुकट नाही, पाय मारायचे."

वेंडेलने पेडल चाचपून पाहिलं आणि बूट मागितले. वय दोघांचंही पासष्टीच्या पुढे, आणि बहिणीच्या गावापर्यंतचं अंतर पावणेतीनशे मैल.

सॅफर्डच्या पुढे सराट्याच्या काट्यांनी दोन्ही चाकं पंक्चर केली. तिथेच चकचकीत कपड्यांतले दोन सायकलवाले ट्यूबमधलं भोक शोधून शोधून वैतागले होते. वेंडेलने आपली चाकं दुरुस्त केली, मग त्यांची ट्यूब मागून घेतली, हवा भरली आणि गालाशी धरून हळूहळू फिरवली.

"हे घ्या. इथे आहे."

"आजोबा, तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसत असतं तर तुमच्यासारखाच अर्धा तास घालवला असता."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो शीळ घालत होता. एलोइसाचे कान किटले.

लॉर्ड्सबर्गपुढे मात्र समोरून वारा सुटला. दातांत धूळ कचकचायला लागली. एलोइसाच्या पोटऱ्यांत गोळे आले.

"तू पाय मारतोयस ना रे?"

"मारतोय."

"मग मी कुणाला ओढतेय?"

"मलाच. पण मी मदत करतोय."

ती उतरली, रस्त्याकडेला बसली आणि चक्क रडायला लागली. तेवढ्यात एक पिकअप थांबला. आत म्हातारा गुरंवाला होता.

"डेमिंगपर्यंत सोडू का?" त्याने वेंडेलला विचारलं.

वेंडेलचा चेहरा आक्रसला. त्याने हँडल घट्ट धरलं.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "ड्रायव्हर ती आहे."

एलोइसाने नाक पुसलं. "सोडा."

वेंडेल निमूटपणे आत शिरला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन पोटरी चोळत बसला. गिअर कधी बदलायचा, ते मात्र तो गुरंवाल्याला डेमिंगपर्यंत सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल. त्यानंतरच्या दुपारी, लास क्रूसेसच्या तोंडाशी, चाकांचा आवाज बदलला.

"पूल?"

"हो. रिओ ग्रांदे."

"थांबव."

तिने त्याचा हात कठड्यावर नेऊन ठेवला.

"पाणी आहे?"

"थेंब नाही. नुसती वाळू. मधोमध एक कुत्री झोपलीये."

"मोठी आहे?"

"कुत्री?"

"नदी गं, बाई."

एलोइसाने या काठापासून त्या काठापर्यंत पाहिलं.

"खूप मोठी आहे."

वेंडेलने हेल्मेट काढलं, घामाने चिकटलेले केस बोटांनी सारखे केले, आणि त्या कोरड्या नदीकडे तोंड करून ताठ उभा राहिला. मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. वेंडेल वळला नाही.