एकोणीस महिने एकाच आकड्यावर

मी एक छोटी चारचाकी आहे. रंग राखाडी, वय पंधरा, डाव्या दारावर एक पोचा. तो पोचा मी दाखवत नाही, पण लपवताही येत नाही.

जन्म कारखान्यातला, तरी मला वळण लावलं ते माझ्या मालकांनी. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू बरोबर आहेत की नाहीत ते पाहणं, हीच त्यांची नोकरी. ‘साधारण’ आणि ‘अंदाजे’ हे शब्द त्यांना खपत नसत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी जुन्या बनियनचा तुकडा घेऊन ते खाली यायचे. ऑइलची पट्टी काढून पुसायची, पुन्हा बुडवायची, उजेडात धरून बघायची. मग पाणी, बॅटरीची टोकं, चारही चाकांतली हवा. डिकीतलं पाचवं चाकही सुटायचं नाही.

वरच्या खिडकीतून बाई, म्हणजे मालकांची बायको, विचारायच्या, “झाली का तपासणी? तापबिप नाही ना तिला?”

“ठणठणीत आहे.”

“घरातल्या माणसांकडेही बघत जा कधी.”

“घरातली माणसं बोलून दाखवतात,” ते पट्टी पुसत म्हणायचे. “ही बोलत नाही.”

माझ्या कप्प्यात त्यांची एक वही असे. गाडी उभी केली की किलोमीटरचा आकडा त्यात लिहायचा आणि मगच उतरायचं. सर्व्हिसिंगची तारीख टळली नाही, कूलंट नासलं नाही, पट्टा तुटेपर्यंत वाट पाहिली नाही. बारा वर्षांत मी त्यांना रस्त्यात एकदाही उभं केलं नाही. यात माझं कौतुक थोडं, त्यांचंच जास्त.

साठ हजारांची सर्व्हिसिंग झाली तेव्हा बाईही सोबत होत्या. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, “साहेब, आता सत्तर हजारला भेटू.” मालक म्हणाले, “भेटू.” बाईंच्या लक्षात तेवढंच राहिलं.

पुढे एका संध्याकाळी त्यांनी मला जागेवर लावलं, आकडा लिहिला: एकसष्ट हजार चारशे ऐंशी. काच वर केली, दार दोनदा ओढून पाहिलं. रात्री त्यांना न्यायला दवाखान्याची गाडी आली. पांढरी, मोठी, घाईची. नवव्या दिवशी बाई घरी परतल्या, त्या एकट्याच.

त्यानंतर कुणी मला हलवलं नाही.

कुणी लक्षच दिलं नाही असं म्हणू नका. तसं म्हटलं तर अन्याय होईल. बाई दर रविवारी खाली येत. माझं सीट अजून मालकांच्या उंचीला लावलेलं होतं, त्यामुळे बाईंचे पाय पेडलला जेमतेम टेकायचे. त्या सीट हलवत नसत. इंजिन चालू करून घड्याळ लावून दहा मिनिटं बसत. मग बंद करत, काच पुसत, आणि वर जाण्याआधी एकदा तो आकडा बघत. वहीचा कप्पा त्यांनी उघडला नाही.

त्यांची नणंद समोरच्याच इमारतीत राहते. ती एकदा म्हणाली, “वहिनी, गाडी उभी राहून सडेल हो. चालवा, नाहीतर विका.”

“सडायला काय झालं? दर रविवारी चालू करते की. आणि सर्व्हिसिंग सत्तर हजारला आहे. अजून साडेआठ हजार बाकी आहेत.”

“न चालवता साडेआठ हजार कधी संपायचे?”

“नाही संपले तर नाही संपले.”

बाईंचा हिशेब ऐकायला बरोबर होता आणि मला आतून पोखरत होता. जागच्या जागी दहा मिनिटांत इंजिन धड तापतही नाही. आतली वाफ आतच राहते आणि ऑइलमध्ये उतरते. बॅटरी खर्च होते तेवढी भरत नाही. चाकं एकाच बाजूवर बसून चपटी होतात. मला हे सगळं कळत होतं. मी फक्त थोडी जास्त घरघरायचे. बाईंना वाटायचं, थंडी आहे.

मग बाईंना नोकरी लागली. घाटाखालच्या गावातल्या शाळेत ग्रंथपालाची. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं, आणि त्या वेळेला खाली जाणारी एकही बस नव्हती. घर वर, शाळा खाली, मध्ये नऊ किलोमीटरचा सलग उतार. बाई नणंदेला म्हणाल्या, “हिच्यातूनच जाईन. नऊ तर किलोमीटर.”

नऊ तर किलोमीटर. मी बारा वर्षं तो उतार ओळखते. तिथे पाय ब्रेकवरच असतो. आणि माझ्या ब्रेकचं काय झालं होतं ते फक्त मलाच ठाऊक होतं.

गुरुवारी त्यांनी किल्ली फिरवली, तर माझ्यातून नुसतं टक टक आलं. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. निदान आता कुणाला तरी बोलवावं लागणार होतं.

मेकॅनिक आला. माझ्याभोवती एक फेरी मारून त्याने चाकाला बोट लावलं.

“ताई, ऑइल कधी बदललं?”

“वेळ आहे अजून. आकडा बघा ना. तुम्हीच म्हणाला होता, सत्तर हजारला.”

“गाडी उभी किती महिने?”

“एकोणीस.”

त्याने बोनेट उघडलं. ऑइलचं झाकण काढून उलटं धरलं. आत पांढरट फेस चिकटला होता. मग ब्रेक ऑइलच्या डबीत त्याने पाणी तपासायचं एक छोटं पेन बुडवलं. पेनावरचा लाल दिवा लागला.

“हे हवेतलं पाणी ओढतं, ताई. गाडी चालो, न चालो. घाटात ब्रेक तापले की ते पाणी उकळतं. मग पाय दाबला की पेडल थेट तळाला जातं, आणि गाडी जातच राहते.”

बाई बोनेटला धरून उभ्या होत्या. “मी सोमवारी निघाले असते,” त्या हळूच म्हणाल्या.

“साहेबांची वही कुठंय?”

बाईंनी मानेनं कप्पा दाखवला. मेकॅनिकने वही काढून शेवटचं पान उघडलं, एका ओळीवर काळं बोट ठेवलं आणि वाचलं, “पुढची सर्व्हिसिंग, सत्तर हजार किंवा बारा महिने. जे आधी येईल ते.” बारा महिन्यांखाली दोन रेघा होत्या.

“तुम्ही तर माझ्यासमोर फक्त सत्तर हजार म्हणालात.”

“मी तेवढंच बोललो, ताई. साहेबांनी पूर्ण लिहून ठेवलं.”

शुक्रवारी मला टेम्पोवर चढवून गॅरेजमध्ये नेलं, आकडा न हलवता, आणि दिवसभर मी तिथेच होते. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, मागचे गंजलेले ब्रेक, पुढची दोन चाकं. इंजिनाचा पट्टा काढून मेकॅनिकने वाकवून दाखवला. आतल्या बाजूने भेगा पडल्या होत्या, तोही बदलला. जुनं काळं ऑइल खाली पडताना मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. घट्ट बूट काढल्यावर तुम्हाला वाटतं तसंच काहीसं असावं.

शनिवारी सकाळी बाई न्यायला आल्या. मेकॅनिक म्हणाला, “घाटात एक फेरी मारून बघू. तुम्हीच चालवा.”

“इथेच ब्रेक दाबून बघितले तर नाही चालणार?”

“उभ्या गाडीचे ब्रेक कुणाचेही लागतात.”

बाई किल्ली बोटात फिरवत राहिल्या. “आकडा हलेल हो, दादा. तो त्यांचा शेवटचा आहे.”

मेकॅनिक या माणसाला रडणं-बिडणं जमत नाही. तो पान्ह्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “साहेब आकडा का लिहायचे? पुढचं काम कधी ते कळावं म्हणून. थांबवायला नव्हे.” आणि जरा वेळाने, “आधी सीट पुढे घ्या. पाय टेकत नाही, तर दाबणार कशाने?”

बाई आत बसल्या. सीटखालची दांडी त्यांनी हाताने शोधली. एक खाच. थांबल्या. मग दोन, तीन, चार. चौथ्या खाचेला त्यांचा पाय पेडलवर पूर्ण टेकला.

नणंदही हट्टाने मागे बसली. “एकटीला जाऊ देणार नाही,” म्हणाली आणि दोन्ही हातांनी वरची कडी धरली, ती सोडलीच नाही. मेकॅनिक बाईंच्या शेजारी. पहिल्या किलोमीटरला आकडा सरकला. बाईंनी तिकडे पाहिलं, आणि लगेच रस्त्याकडे.

तिसऱ्या वळणापलीकडे एक ट्रक आडवा थांबला होता. वळण संपलं आणि तो एकदम समोर आला. बाईंनी पाय दाबला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि घट्ट झालं. चाकं कुरकुरली. मी थांबले. ट्रकच्या मागच्या फळीत आणि माझ्यात एक माणूस आरामात चालत गेला असता एवढी जागा होती.

मग मागून नणंदेचा आवाज आला, “वहिनी, आता श्वास सोडला तर चालेल?”

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मेकॅनिक खिडकीबाहेर बघत बसला. ट्रकवाल्याने मागे येऊन विचारलं, “ठीक आहात ना?” तर त्यालाही बाई हसतच हो म्हणाल्या.

याला आता दीड वर्ष झालं. सध्या मी शाळेच्या मागच्या अंगणात, सायकलींच्या रांगेशेजारी उभी असते. मधल्या सुट्टीत चेंडू येऊन माझ्यावर आदळतात. दाराला दुसरा पोचा आलाय, मला त्याचं काही नाही. बाई महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑइलची पट्टी उजेडात धरतात. त्यांना ती नीट दिसत नाही, म्हणून चष्मा वर करून बघतात.

तुमच्या दारात कुणी उभी असेल, कुणाच्या आठवणीने न हलवलेली, तर तिच्यावर रागावू नका आणि स्वतःवरही नको. फक्त ती मेकॅनिकला शेवटची कधी दाखवली होती ते एकदा बघा. किलोमीटर नव्हे, महिने मोजा. आम्हाला सांगता येत नाही. आम्ही घरघरतो आणि तुम्हाला वाटतं, थंडी आहे.

आता पुरे करते. घंटा झाली, पोरं फाटकाकडे धावताहेत, आणि बाई हातात पुस्तकांचा गठ्ठा घेऊन पायऱ्या उतरताहेत. घरी जायचंय. पुढे नऊ किलोमीटरचा चढ आहे, दुसऱ्या गिअरचा, आणि माझं इंजिन गरम व्हायला आतुर आहे.