चिमणाबाईचे सोमवार

साल दोन हजार एकवीस. आंबेवाडीत त्या वर्षी संक्रांत झाल्यावर पहिल्याच सोमवारी चिमणाबाईनं माडीवर चूल घातली आणि तिथून सगळं सुरू झालं.

माडीवर चूल गावात कुणी पाहिली नव्हती. फळ्यांच्या जमिनीवर तिनं आधी विटांचा थर दिला, त्यावर माती, मग चूल. तिचे यजमान हंबीरराव गुडघे धरत जिना चढून आले आणि बघतच राहिले.

"घर जाळतीस काय गं?"

"पुरात घर जळत न्हाय, बुडतं," ती मातीचा हात न थांबवता म्हणाली.

पूर तिला नवे नव्हते. एकोणनव्वद साली नदी चावडीच्या पायरीला शिवून परत गेली होती. दोन हजार पाच साली अंगणात आली, दोन दिवस राहिली. पण एकोणीसच्या श्रावणात ती थेट घरात शिरली आणि दाराच्या चौकटीच्याही वर वीतभर चढली. तेव्हा आठ दिवस ही माणसं कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात होती. सुगीला वीस-वीस माणसांना जेवू घालणारी चिमणाबाई ताट घेऊन रांगेत उभी राहिली. वाढणारा पोरगा म्हणाला, "मावशी, एकदा घेतलंयसा न्हवं?" तिनं घेतलेलं नव्हतं. तशीच मागं फिरली. पोरगा विसरलाही असेल, पण हिच्या घशात ते वाक्य अडकलं ते अडकलंच. पुन्हा कुणापुढं ताट धरायचं नाही, एवढं एकच तिनं धरून ठेवलं होतं.

मुलगा उदयसिंह शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. त्याला सुट्टी सोमवारी, म्हणून घरातली कामंही सोमवारी. एका सोमवारी पत्र्याचे चार डबे माडीवर चढले, त्यात तांदूळ. दुसऱ्या सोमवारी पन्हळीला पाइप जोडून पावसाचं पाणी खिडकीतून आत पिंपात घेतलं. मग शेणकुटं, मीठ, गूळ, हंबीररावांच्या गोळ्या, सांडगे, सोलरचा दिवा. थर्माकोलच्या खोक्यात मेथीसुद्धा पेरली. सून स्नेहल यादी वाचायची आणि चिमणाबाई बोटांवर मोजत फेऱ्या मारायची. काम झालं की तिला बरं वाटायला हवं होतं. पण मंगळवारी सकाळीच तिचा जीव पुन्हा खालीवर व्हायचा.

"अजून कायतरी ऱ्हायलंय," ती म्हणायची.

"तोफ ऱ्हायलीया," हंबीरराव म्हणायचे. "एक तोफ आण आन् पन्हाळ्यासारखा वेढा सोस."

मे महिन्यात लॉकडाऊनमुळं सगळी दुकानं बंद झाली तेव्हा मात्र त्यांनी तोंड मिटलं, कारण घरात काडेपेटीपासून सगळं होतं. स्नेहलला तेव्हा पाचवा लागला होता. चिमणाबाईनं यादीत खारीक आणि डिंक घातला.

राहिलेली गोष्ट तिला जूनमध्ये सापडली. एकोणीसच्या पुरात शेजारच्या बायडाबाईचं घर चोरट्यांनी पाण्यातून येऊन धुऊन नेलं होतं, पितळेचा हंडासुद्धा सोडला नव्हता. आपल्या माडीला रस्त्याकडं एकच मोठी खिडकी, आणि तिला नुसती लाकडी दारं. पाणी वाढलं की खिडकी कुणाच्याही हाताला येणार. तिनं उदयसिंहला ग्रिल करायला लावलं. त्यानं चांगली अंगठ्याएवढी सळई आणली, अंगणात वेल्डिंग केलं.

"आई, निम्मं बिजागरीवर ठेवतो. आतनं कुलूप लाव."

"कुलूप म्हंजी चोराला आवतान. एकजीव कर."

"अगं, उद्या काय लागलं तर?"

"काय लागतंय? सगळं आत तर हाय."

त्यानं चारी कोपरे भिंतीत घेऊन सिमेंट भरलं. चिमणाबाईनं दोन्ही हातांनी ग्रिल गदागदा हलवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. त्या रात्री, कितीतरी महिन्यांनी, तिला गाढ झोप लागली.

बावीस जुलैला, गुरुवारी, नदी रस्त्यावर आली. म्हशी आधीच उंचावरच्या सोनतळीच्या माळावर नेऊन बांधल्या होत्या. उदयसिंह सकाळच्या पाळीला गेला तो तिकडेच अडकला. दुपारी गल्लीत ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत बायका, पोरं, बोचकी. गावातला बाळासो अर्ध्या चाकाएवढ्या पाण्यात उभा राहून हाका मारत होता.

"काकू, चला! ही शेवटची खेप!"

"आमचं काय आडलं न्हाय बाबा. म्हैनाभर पुरंल एवढं हाय."

"वैनीला तरी पाठवा की. सातवा हाय न्हवं?"

चिमणाबाईनं वळून स्नेहलकडं पाहिलं. तिच्या हातात बांधलेली पिशवी होती.

"तुला काय कमी हाय हितं?"

"कमी काय न्हाय, आत्ती. पर..."

"तितं ताट घिऊन हुबी ऱ्हाणार हाईस, ह्या दिवसात?"

हंबीरराव म्हणाले, "जाऊ दे तिला." चिमणाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पिशवी खुंटीला अडकवली. ट्रॅक्टर गेला.

रात्री लाईट गेली. चिमणाबाईनं माडीवरच्या चुलीवर भात टाकला, सांडगे तळले, आणि तिघं सोलरच्या दिव्यात जेवली. जेवताना ती चारदा उठली. जिन्याच्या कितव्या पायरीला पाणी आहे ते बघायची, परत येऊन बसायची. एकोणीसच्या पुराच्या भिंतीवरल्या खुणेपासून माडीची जमीन अडीच हात वर. त्याच्या पलीकडं पाणी येत नसतं, हे तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता त्याचा अर्थच राहिला नव्हता.

शुक्रवारी उजाडताना खूण बुडाली. दहा वाजता जिन्याच्या दोनच पायऱ्या उरल्या. दुपारी फळ्यांच्या फटीतून पाणी बुडबुडत वर आलं आणि डब्यांच्या बुडाला लागलं. तेवढ्यात मागची भिंत कुठंतरी आतून कचकन वाजली. मातीची भिंत ती. चिमणाबाईला तो आवाज कळला.

तिनं ताटली उचलली आणि ग्रिलवर बडवायला लागली. "बाळासोऽ! कोन हाय का रंऽ!"

अर्ध्या तासानं बोट आली. बाळासोनं ग्रिललाच दोर बांधला, सळई हलवून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"काकू, ह्यो किल्ला बांधलायसा का तुरुंग?"

हंबीररावांनी उदयसिंहला फोन लावला. तिकडून तो ओरडत होता, "सळई कापायला हॅक्सॉ माझ्या पेटीत हाय, आन् पेटी हितं शिरोलीत! कौलं काढा, कौलं!"

"मी वर चढतो," बाळासो म्हणाला. "तुमी आतनं ढकला."

चिमणाबाईनं तांदळाचे दोन डबे सरकवून एकावर एक ठेवले. अडुसष्टाव्या वर्षी साडीचा काचा मारून ती वर चढली. मुसळानं कौलं ढकलली, ती घसरत जाऊन पाण्यात पडली. कौलांखालच्या लाकडी रीपा मात्र खिळ्यांनी ठोकलेल्या. तिनं मुसळ आडवं घालून एक मोडली, दुसरी वरून बाळासोनं लाथेनं तोडली. भोकातून पाऊस सरळ आत आला, डाळीच्या पिशव्यांवर, काडेपेट्यांवर, सांडग्यांवर. तिनं एकदा खाली पाहिलं आणि पुन्हा मुसळ उचललं.

"स्नेहल, ये. माझ्या खांद्यावर पाय दे."

"आत्ती, तुमच्या खांद्यावर?"

"दे म्हणते न्हवं! मी काय देव हाय व्हय?"

बाळासोनं वरून दोन्ही हात धरून स्नेहलला ओढून घेतलं. मग हंबीरराव, दोनदा डब्यावरून घसरून, शिव्या देत. शेवटी ती.

"काय घ्यायचं हाय का आतलं?" बाळासोनं विचारलं.

"न्हाय. चल लवकर."

सोनतळीच्या शाळेत खिचडी सुटली तेव्हा स्नेहल भिंतीला टेकून थरथरत होती. चिमणाबाई रांगेत घुसली. "माझ्या सुनंला सातवा हाय," ती वाढणाऱ्या पोराला मोठ्यानं म्हणाली, "दोन पळ्या जास्त घाल." त्यानं घातल्या. ती परत गेली आणि आणखी एक ताट घेऊन आली.

पाणी उतरल्यावर उदयसिंहनं घरी जाऊन ग्रिल कापलं. आईला तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि ते तिला फार लागलं. पुढं त्यानं सोनतळीला तीन खोल्या बांधल्या. तो अजून त्याच फौंड्रीत आहे, सुपरवायझर झालाय. स्नेहलला सप्टेंबरात मुलगी झाली. तिचं नाव संयोगिता, आता ती बालवाडीत जाते. स्नेहलनं शिवणकामाचा क्लास काढलाय, आणि घरात कुठं काय ठेवायचं ते आता ती ठरवते. हंबीरराव तेवीसच्या माघात झोपेतच गेले. बायडाबाई नेसरीला लेकीकडं गेली, परत आली नाही. बाळासो ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि पडला. पूर आला की अजून त्यालाच सगळे हाका मारतात. आंबेवाडीच्या घरात आता म्हशींचा कडबा असतो. चिमणाबाई बाहत्तर वर्षांची आहे. आषाढ लागला की ती सुनेकडून मोबाईलवर नदीवरच्या बंधाऱ्याची पातळी दिवसातून पाच वेळा विचारून घेते, आणि पातळी कमी असली तरी तिला बसवत नाही.