कच्चा दोरा

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "मुतखड्याच्या ऑपरेशनच्या वेळी आत ही नळी ठेवली होती. महिन्याभरात काढायची होती. आता नळीच्या मूत्राशयातल्या टोकावर खडा धरलाय. आधी दुर्बिणीतून तो फोडायचा, मग नळी काढायची."

शिंपीणबाईंना दोन वर्षं लघवीला आग होत होती, आणि नवरा म्हणायचा, "तुझी नाटकं बरी कामाच्या वेळीच सुरू होतात."

"मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुमच्या मालकांना सांगितलं होतं. चांगलं बजावून."

नवरा टोपी चाचपू लागला. "कामाचा ढीग पडला होता. तू पुन्हा पडून राहिली असतीस, तर काजं-बटणं कुणी केली असती? मग राहूनच गेलं."

शिलाईआधी घातलेला कच्चा दोरा काढल्याशिवाय हा माणूस गिऱ्हाइकाला कपडा देत नसे. एकदा बाहीत बोटभर दोरा राहिला, तर जेवण टाकून गिऱ्हाइकाच्या घरी पळाला होता.

आता त्याने पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"बाई," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "यापुढे काय ते मला सांगा. ह्यांना बाहेर बसू दे."